गाण्याच्या रिॲलिटी शोची क्लिप लाखो लोक बघतात, मग मतं आणि टीआरपी का वाढत नाही?

मंद्रसप्तक:
जिल्हा पातळीवरच्या गायन स्पर्धेचे दहा भाग स्थानिक केबल वाहिनीवर दाखवायचे आहेत. शेवटच्या चार भागांत प्रेक्षकांचं मतदान आहे. हाताशी एक कॅमेरामन आणि एक संकलक. मोठ्या वाहिन्यांच्या क्लिप तुफान चालतात, पण म्हणून टीआरपी वाढतोच असं दिसत नाही. मग सोशल मीडियावरची चर्चा नेमकी कशाच्या कामी येते? काय, कधी आणि किती लांबीचं टाकावं?

पडद्याआड:
टीआरपी आणि व्ह्यूज यांचा हिशेब वेगवेगळा आहे. बार्क ही टीव्हीचे प्रेक्षक मोजणारी संस्था ठरावीक घरांतल्या टीव्हीला जोडलेल्या मीटरवरून मोजतं, फोनवर पाहिलेली क्लिप त्यात धरलीच जात नाही. उलट अख्खं गाणं फोनवर मिळालं की टीव्ही लावायचं कारण उरत नाही.

मतांचंही तेच. एप्रिल २००९ मध्ये 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या ब्रिटिश कलागुण स्पर्धेतली गायिका सुझन बॉईलची ऑडिशन यूट्यूबवरून जगभर गेली. मेअखेरच्या अंतिम फेरीत ती दुसरी आली, जिंकला 'डायव्हर्सिटी' हा नृत्यगट. क्लिप बघणाऱ्यांतले असंख्य लोक ब्रिटनबाहेरचे होते, त्यांच्या हातात मतच नव्हतं. तुमची रील उद्या पुण्यामुंबईत गाजेल, पण केबल जिल्ह्यातच दिसते. म्हणून स्पर्धकाचं गाव आणि तालुका मजकुराच्या पहिल्या ओळीत लिहा. क्लिप गावच्या, शाळेच्या, भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी पाठवा, इन्स्टाग्रामवर नंतर.

लोकांना काही करायला दिलं आणि वेळ ठरवून दिली, की खरी चर्चा होते. अमेरिकेतल्या 'द व्हॉइस' या गायन स्पर्धेने २०१३ मध्ये सर्वांत कमी मतं मिळालेल्या तिघांपैकी एकाला वाचवायला ट्विटरवर पाच मिनिटं दिली. ती पाच मिनिटं चुकू नयेत म्हणून कार्यक्रम त्याच वेळी बघणं भाग पडलं. दुखणं असं, की पश्चिम किनाऱ्यावर तोच भाग तीन तासांनी दिसायचा, म्हणजे तिथल्यांनी गाणं न ऐकताच मत द्यायचं. तुमच्या भागाचं पुनःप्रक्षेपण असेल तर मतदान त्यानंतर तासाभराने बंद करा, पहिल्या रात्रीच नको.

संकलन_टेबल:
लांबीपेक्षा कुठे कापता ते महत्त्वाचं. प्रक्षेपणाच्या आदल्या संध्याकाळी २० ते ३० सेकंदांची क्लिप पुरे. सुरुवात निवेदकाच्या ओळखीने नको, थेट सुराने करा. मुखडा पूर्ण ऐकू द्या आणि अंतऱ्याची पहिली ओळ उचलली की थांबा. परीक्षकांचा चेहरा दिसू द्या, पण अभिप्राय आणि गुण भागासाठीच राखा. पूर्ण गाणं प्रक्षेपणानंतर, मतदान चालू असताना टाका. आधी टाकलंत तर भागच शिळा होतो.

आता चौकट. १९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रातून उभी ९:१६ चौकट कापली की रुंदी जेमतेम ६०७ पिक्सेल उरते. ती ताणून १०८० केली की चेहरा मऊ पडतो, धूसर दिसतो. कॅमेरा फोर-के असेल तर त्यातच चित्रित करा, रुंदी १२१५ मिळते. नसेल तर तिवईवर एक फोन उभा लावून ठेवा आणि त्याला साउंड मिक्सरमधला आवाज नंतर जोडा. फोनच्या माइकचा आवाज मुळीच वापरू नका, सभागृहातला घुमारा सगळा गळा खाऊन टाकतो. गाणं आणि वाद्यं मिसळून तयार झालेला आवाज फोनच्या स्पीकरवर ऐकून बघा. तिथे डग्ग्याचा खर्ज ऐकू येत नाही, त्यामुळे ताल हरवल्यासारखा वाटतो. तबल्याची चाट, म्हणजे कडेवरचा टणक आवाज, थोडी वर काढा. गाण्याच्या स्पर्धेत आवाजच वाईट असेल, तर बाकी मेहनत वाया.

नाव आणि मतदानाची माहिती चौकटीच्या खालच्या पाचव्या भागात लिहू नका, ॲपची बटणं आणि मजकूर त्यावर येतो.

हक्काचं_बोला:
यूट्यूबवर एक अडचण हमखास येते. स्पर्धक बहुतेक जुनी चित्रपटगीतं गातात. आवाज नवा असला तरी गीत आणि चाल यांचे हक्क कुणाचे तरी असतात, आणि कंटेंट आयडी ही यूट्यूबची हक्क तपासणारी यंत्रणा चालीवरूनही दावा लावते. ऑक्टोबर २०२४ पासून शॉर्ट, म्हणजे यूट्यूबचा छोटा उभा व्हिडिओ, तीन मिनिटांपर्यंत टाकता येतो, पण एक मिनिटाहून मोठ्या शॉर्टवर असा दावा लागला तर तो अडवला जातो. तेव्हा चित्रपटगीत एका मिनिटाच्या आतच ठेवा. लांब क्लिपसाठी ओव्या, अभंग, पारंपरिक लोकगीतं निवडा. तिथेही प्रसिद्ध गायकाची चाल असेल तर ती पारंपरिक धरू नका.

मंद्रसप्तक:
खूप उपयोग झाला. मतदान इन्स्टाग्रामच्या पोलवर घेतलं तर चालेल का?

पडद्याआड:
निकालासाठी नको. स्टोरीतला पोल २४ तासांत जातो, एकाच माणसाची चार खाती चार मतं देतात, आणि केबल बघणारे आजी-आजोबा तिथे नसतात. प्रत्येक स्पर्धकाला वेगळा मिस्ड कॉल क्रमांक द्या आणि एका मोबाइलचं एकच मत धरा. क्रमांक गाणं चालू असताना एकदा आणि भागाच्या शेवटी उजळणीत पुन्हा दाखवा. उजळणीत प्रत्येकाला सारखेच सेकंद मिळायला हवेत, नाहीतर पक्षपाताचा आरोप होणार आणि तो रास्तच असेल. पोल ठेवायचाच तर 'पुढच्या भागात कोणतं गाणं ऐकायचं' यासाठी ठेवा.

निवेदिका_सातारा:
दोन गोष्टी राहिल्या. चित्रीकरण आधी आणि प्रक्षेपण नंतर असेल तर निकाल फुटतो, आणि बहुधा स्पर्धकाच्याच खात्यावरून. स्पर्धेतून बाहेर पडलेली मुलगी गावच्या जत्रेतला फोटो टाकते आणि लोक तारखा जुळवतात. स्पर्धकांशी आधीच लेखी ठरवा, की स्वतःचा भाग दिसेपर्यंत ठिकाण किंवा तारीख कळेल असं काही टाकायचं नाही. मतदानाचे भाग शक्यतो थेटच करा.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. इन्स्टाग्रामला १३ वर्षांची अट आहे, त्याखालच्या मुलाचं खातं पालकांनी चालवायचं आणि तसं प्रोफाइलवर लिहायचं. मुलाच्या क्लिपखालच्या प्रतिक्रिया बंद ठेवा किंवा तपासूनच दिसू द्या. बेसूर झालेल्या, रडणाऱ्या मुलाची क्लिप प्रोमोत अजिबात नको. ती खूप पसरते, म्हणूनच नको. कार्यक्रम दहा भागांत संपतो, मुलाला शाळेत रोज जायचं असतं.