गिरणी बंद पडलेलं बाजाराचं शहर आणि नदीकाठ: पहिला पैसा कशावर घालावा?

आराखडा_हातात
बाजार अजून भरतो, पण निम्मे गाळे रिकामे. तिथून नदी जेमतेम ३०० मीटर. मधे चौपदरी रस्ता, मग बंद गिरणी, कोळशापासून गॅस बनवणाऱ्या जुन्या कारखान्याची मोकळी जागा आणि दगडी धक्का. आराखड्यात धक्क्यावर फरसबंदी, सदनिका आणि खाण्याच्या टपऱ्यांची रांग आहे. पैसा टप्प्याटप्प्यानेच येणार. "आधी फरसबंदी करा, लोकांना काहीतरी दिसेल" असं बरेच जण म्हणतात. बरोबर आहे का?

धक्का_आणि_भराव
फरसबंदी सगळ्यात शेवटी. आधी भिंत बघा, आणि तीही पाण्याखालची. पाणबुड्या उतरवून किंवा सोनार यंत्राने (ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणारं) पायथा तपासा. प्रवाहाने तिथली माती खरवडून नेली असेल तर वरून ठणठणीत दिसणारी भिंत आतून पोकळ भरावावर उभी असते.

दगडी धक्का पूर चढताना सहसा पडत नाही, ओसरताना पडतो. पूर असेतो नदीचा रेटा भिंतीला बाहेरून आधार देतो. नदी एका रात्रीत उतरते, पण भिंतीमागच्या भरावातलं पाणी तेवढ्या वेगाने निथळत नाही, आणि तो सगळा दाब भिंतीला नदीकडे ढकलतो. जुन्या भिंतीत निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात ती याचसाठी. सुशोभीकरणात सांधे सिमेंटने लिंपताना नेमकी हीच भोकं बुजतात. दिसायला झकास, आणि काही पुरांनंतर भिंतीला पोट सुटतं. मग नवी फरशी उखडूनच दुरुस्ती करावी लागते.

काठावरून अग्निशमन गाडी जाणार असेल तर तिचा भार भिंतीच्या हिशोबात आजच धरा.

निळी_माती
गॅस कारखान्याच्या जागेबद्दल. खणल्यावर निळसर माती लागली आणि डांबरगोळ्यांसारखा वास आला तर दचकू नका, पण काम थांबवा. निळा रंग गॅस शुद्ध करून उरलेल्या सायनाइडयुक्त कचऱ्याचा, वास कोळशाच्या डांबरातल्या नॅफ्थलीनचा. आधी जुने नकाशे काढून टाक्या आणि डांबराच्या विहिरी नेमक्या कुठे होत्या ते शोधा. मग साधारण २५ मीटरच्या जाळीने चाचणी-खड्डे आणि बोअर घ्या, संशयाच्या ठिकाणी अजून दाट. भूजल एकदाच तपासून भागत नाही, नदी चढते-उतरते तसं ते बदलतं.

सगळी माती उचलून नेणं क्वचितच परवडतं. बागेच्या भागात वर चिन्हांकित जाळी (खणणाऱ्याला खाली घाण माती आहे हे कळावं म्हणून) आणि त्यावर ६०० मिमीच्या आसपास स्वच्छ माती, हा नेहमीचा उपाय. पण डांबर भूजलात उतरत असेल तर नुसतं झाकून काही होत नाही. आणि पाइल (इमारतीच्या पायाचे खोल खांब) ठोकताना जपा: घाण थरातून खालच्या स्वच्छ थरापर्यंत भोक पाडलं की डांबराला वाट आपणच करून देतो.

नळ_बघा_आधी
माझं मत वरच्या दोघांच्याही आधीचं: गटारं. तीन दिवस कोरडे गेल्यावर काठाने चाला आणि पावसाळी नाल्यांचं प्रत्येक तोंड बघा. तरी पाणी येत असेल तर बहुधा कुणाचा तरी मैल्याचा नळ चुकून त्यात जोडलाय. बाजारात मासळी धुतलेलं पाणीही असंच पावसाळी जाळीत जातं आणि थेट नदीत उतरतं. तोंडांवरच्या झडपा उघडून बघा. चिंध्या-प्लास्टिक अडकून झडप अर्धवट उघडी राहिली की पुराचं पाणी त्याच नळातून उलटं बाजारात शिरतं.

नदीकाठ सुधारायचा म्हटलं की स्पेनमधल्या बिल्बाओचं नाव सगळे घेतात ते १९९७च्या संग्रहालयासाठी. मेट्रो १९९५ची, आणि नदीत जाणारं सांडपाणी अडवायचं काम त्याच्याही आधीपासून चाललेलं. इंग्लंडमधल्या सॅलफर्डची गोदी १९८२ला बंद झाली. पुढे गोदीची कुंडं जहाजांच्या कालव्यापासून बांध घालून वेगळी केली आणि तळातून हवा सोडून पाणी ढवळत ठेवलं, तेव्हा कुठे ते पाणी बघण्यासारखं झालं.

गाळा_नं_१२
सगळे पाण्याकडे बघताय, बाजाराचं काय? ३०० मीटर म्हणजे चार मिनिटं, पण मधला चौपदरी रस्ता ते अंतर दुप्पट करतो. भुयारी मार्ग नको, लोक वरूनच धावत ओलांडतात. रस्ता अरुंद करून सपाट, थेट ओलांडणी द्या. इंग्लंडमधल्या कॅसलफर्डमध्ये २००८ला झालेला सुमारे १३० मीटरचा पादचारी पूल बघा. त्यावर बसायला बाकं आहेत, म्हणजे लोक नुसते ओलांडत नाहीत, थांबतात.

टपऱ्यांची रांग तर कमीच करा. तेच गिऱ्हाईक वाटून घेतलं तर बाजारातले उरलेले गाळेही जातील. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या बंदरातलं हार्बरप्लेस हे दुकानं-खाण्याच्या जागांचं संकुल १९८०ला गाजत उघडलं, २०१९ला न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या (तात्पुरत्या कारभाऱ्याच्या) ताब्यात गेलं. सदनिकांच्या तळमजल्यावर सक्तीने दुकानं नकोत; उंची ४ मीटर ठेवा, वापर नंतर बदलता येईल.

गिरणीचं करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असेल तर पाडू नका. इतक्या रुंद शेडमध्ये घरं अंधारी होतात, पण वरून एकसारखा उजेड येतो, बाजाराला उत्तम. ॲस्बेस्टॉसचे पत्रे मात्र आधी तपासा. बाजार हलवायचाच तर निम्मा-निम्मा, आणि गाळ्यांचा क्रम मोडू नका. गिऱ्हाईक पायाच्या सवयीने येतं.

आराखडा_हातात
म्हणजे नाल्यांची पाहणी, भिंत, माती आणि ओलांडणी. सदनिका आधी विकून त्यातून हे करता येईल का?

धक्का_आणि_भराव
पाहणीआधी विकू नका. पूरपातळी आणि मातीचा अहवाल नसताना घेणारा सगळी जोखीम किमतीतून कापतो. जर्मनीत हॅम्बुर्गच्या हाफेनसिटी या जुन्या बंदरभागात इमारती समुद्रसपाटीपासून ८-९ मीटरवर उचलल्या आणि काठाचा पदपथ खाली, बुडू दिला. तुमची पातळी ठरल्याशिवाय जोत्याची उंची ठरत नाही, मग विकणार काय? आणि करारात एक ओळ घाला: धक्क्याची भिंत कायमची कुणाच्या मालकीची, आणि तिची निचऱ्याची भोकं दरवर्षी कोण साफ करणार.