शब्दचर्चा: पूर्वग्रह, कल की अभिनिवेश?

घणसोलीकर: एम.ए.च्या प्रबंधाचा विषय आहे गावठाणालगतची बांधकामं. मी आगरी, आमचं घरही त्यातलंच. त्यामुळे मॅडमनी 'संशोधकाची ओळख आणि नैतिक बायस' यावर लिहायला सांगितलंय. बायसला 'पूर्वग्रह' पुरेल का?

नेरुळकर: पुरेल की. 'पक्षपात' तेवढा टाळा, तो पंचांसाठी ठेवा.

नौपाडेकर: मला नाही पटत. 'पूर्वग्रहदूषित' म्हटलं की नावड आलीच. आपुलकीपोटी जे झुकतं माप पडतं, त्याला कोणी पूर्वग्रह म्हणत नाही. तुमच्याच विषयात बघा: पालिकेच्या नोटिशीत 'अनधिकृत बांधकाम', प्रकल्पग्रस्तांच्या निवेदनात 'गरजेपोटी बांधलेलं घर'. भिंती त्याच. पहिल्या शब्दात दोष राहणाऱ्याचा. दुसऱ्यात नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको आल्यानंतरचं, म्हणजे १९७० नंतरचं भूसंपादन आणि वाढत्या कुटुंबांना न पुरणारं गावठाण. पाहणीच्या तक्त्यात रकान्याला यातलं कुठलंही नाव दिलंत की निष्कर्ष निम्मा लिहून झाला. सरकारी शब्द म्हणून तो तटस्थ, असंही नाही. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती 'गुन्हेगार' ठरवल्या, तो १९५२ मध्ये रद्द झाल्यावर त्या 'विमुक्त' झाल्या. मी 'अभिनिवेश' सुचवेन.

वाशीकर: अभिनिवेश म्हणजे तावातावाने बोलणं ना?

नौपाडेकर: आज हो. पण पतंजलीच्या योगसूत्रांतल्या पाच क्लेशांत, म्हणजे दुःखाच्या मुळांत, अस्मिता आणि अभिनिवेश दोन्ही आहेत. अस्मिता म्हणजे पाहणारा आणि पाहण्याचं साधन एकच वाटणं. अभिनिवेश म्हणजे जगण्याला चिकटून राहणं, आणि तो 'विदुषोऽपि', विद्वानालाही सुटत नाही. (विद्यापीठांच्या दारावर लावण्याजोगं!)

नेरुळकर: वा! पण परीक्षकाला पतंजली कशाला? 'नैतिक कल' लिहा. कल मायेचाही असतो, तिटकाऱ्याचाही.

घणसोलीकर: हे आवडलं. आणि 'ओळख' की 'अस्मिता'?

नौपाडेकर: ओळख. अस्मिता मोर्चात शोभते. पण ओळख फक्त तुम्हीच सांगायची, असं नको. सेक्टरमधल्या सोसायटीत राहणारा संशोधक आपला पत्ता प्रबंधात लिहीत नाही, कारण त्याला तो तटस्थ वाटतो. तीही जमीन संपादितच. रकान्यात नुसतं 'परवानगीविना बांधलेलं घर' लिहा, कारण राहणाऱ्यांना विचारा.

नेरुळकर: 'परवानगीविना' म्हणताना मागितली असती तर मिळाली असती, हे गृहीत धरलंत की.

घणसोलीकर: मग दोन रकाने करते. परवानगी मागितली होती का, आणि उत्तर काय आलं.