बॅकलिंकांवर लक्ष ठेवण्यासाठी कोणते साधन आणि कोणती पद्धत वापरावी?

धागाकर्ती

नमस्कार. आकाशनिरीक्षणावरील लेखांचे एक संकेतस्थळ मी बरीच वर्षे एकटीच चालवते. अलीकडे एका सशुल्क साधनाची चाचणी आवृत्ती वापरून पाहिली, तर इतर संकेतस्थळांवरून आमच्याकडे येणाऱ्या दुव्यांपैकी, म्हणजे बॅकलिंकांपैकी, मोठा हिस्सा त्याने 'विषारी' म्हणून लाल रंगात दाखवला. लगोलग एका सेवादात्याची ईमेलही आली की, हे दुवे तातडीने नाकारले नाहीत, म्हणजे ते हिशेबात धरू नका असे गूगलला कळवले नाही, तर गूगलकडून दंड होईल. त्यातील बरेचसे दुवे जुगाराच्या आणि औषधविक्रीच्या पानांवरून आले आहेत आणि त्यांच्याशी माझा काडीमात्र संबंध नाही. बॅकलिंकांवर नियमित लक्ष ठेवण्यासाठी पैसे मोजणे आवश्यक आहे का, किती दिवसांनी तपासणी करावी आणि हे लाल दुवे नाकारावेत का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आडवाट

त्या ईमेलला उत्तर देऊ नका. 'विषारी' हा शिक्का साधन विकणारी कंपनी आपल्या हिशेबाने मारत असते. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या विनामूल्य साधनात, असा कोणताही गुणांक नाही. एप्रिल २०१२ मध्ये गूगलचे बनावट दुवे पकडणारे 'पेंग्विन' हे अल्गोरिदम लागू झाले, तेव्हा विकत घेतलेल्या किंवा बनावट दुव्यांपायी संकेतस्थळे खरोखरच खाली घसरत असत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने दुवे नाकारण्याची, म्हणजे डिसअव्हाउची, सोय दिली. सप्टेंबर २०१६ मध्ये मात्र पेंग्विन क्रमवारीच्या मुख्य अल्गोरिदममध्ये सामावले गेले, आणि तेव्हापासून अशा दुव्यांबद्दल संकेतस्थळाला शिक्षा करण्यापेक्षा ते दुवे हिशेबातच न धरण्याकडे गूगलचा कल राहिला आहे. भीती मात्र २०१२ सालचीच विकली जाते.

सर्च कन्सोलमधील 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स' हे पान उघडून पाहा, गूगलच्या माणसांनी केलेली कारवाई तेथे कळते. तेथे अनैसर्गिक दुव्यांबद्दल सूचना नसेल आणि तुम्ही स्वतः किंवा तुमच्या वतीने कोणी दुवे विकत घेतलेले नसतील, तर नाकारण्याजोगे काही उरत नाही. चांगला दुवा चुकून नाकारण्याच्या यादीत गेला, तर नुकसान तुमचेच होईल.

साधनांबद्दल सांगायचे तर, एकट्याने चालवलेल्या संकेतस्थळाला सर्च कन्सोलमधील 'लिंक्स' हा अहवाल आणि त्याच्या जोडीला एखादे विनामूल्य साधन पुरेसे असते. हा अहवाल पडद्यावर एका तक्त्यात १,००० ओळींपर्यंतच दाखवतो, परंतु बाह्य दुव्यांची यादी उतरवून घेतल्यास १,००,००० ओळींपर्यंत मिळू शकते. 'अलीकडील दुवे' हा पर्याय निवडलात तर प्रत्येक पानासमोर गूगलने ते शेवटचे केव्हा वाचले याची तारीखही येते, त्यामुळे आधीची फाइल जपून ठेवून नव्या फाइलशी ताडून पाहता येते. अहवालात नोफॉलो दुवेही (ज्यांची शिफारस म्हणून गणना करू नये अशी खूण असते ते) येतात आणि नाकारलेले दुवेही दिसतच राहतात, तेव्हा तो आकडा फुगला म्हणून हुरळू नका आणि घाबरूही नका. दुसरे साधन म्हणून अह्रेफ्स या दुव्यांची माहिती देणाऱ्या कंपनीचे वेबमास्टर टूल्स घ्या. संकेतस्थळाची मालकी सिद्ध केली की ते स्वतःच्या संकेतस्थळापुरते विनामूल्य मिळते. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये दुसऱ्या संकेतस्थळांच्या दुव्यांशी तुलना करता येते, ती सोय गूगल देत नाही.

जुनीपाने

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण नव्याने आलेल्या दुव्यांपेक्षा हरवलेल्या दुव्यांकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. कचरा दुवे येतात आणि जातात. एखाद्या विद्यापीठाच्या किंवा खगोलमंडळाच्या पानावरील दुवा तुटला, तर तो आपोआप परत येत नाही.

असा दुवा हरवला की ते मूळ पान उघडा आणि ब्राउझरमध्ये त्याचा स्रोत पाहा. कधी पानच काढून टाकलेले असते. कधी मजकूर शाबूत असतो आणि फक्त दुवा गळालेला असतो. कधी दुवा जागेवरच असतो, पण त्या पानावर नोइंडेक्स, म्हणजे शोधयंत्राने ते पान नोंदवू नये अशी सूचना, लागलेली असते. तर कधी दुव्याच्या रेल (rel) गुणधर्मात, म्हणजे दुव्याचे स्वरूप सांगणाऱ्या खुणेत, नोफॉलो, स्पॉन्सर्ड (पैसे देऊन मिळवलेला) किंवा यूजीसी (वाचकांनी घातलेला) यांपैकी काही नव्याने जोडलेले असते. यातील शेवटचे दोन पर्याय गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये आणले आणि त्याच वेळी नोफॉलोसह या तिन्हींना आज्ञा न मानता संकेत मानण्याचे जाहीर केले. म्हणून केवळ नोफॉलो लागला एवढ्यावरून त्या संपादकांना पत्र लिहिण्याची घाई करू नये.

सर्वांत मोठी गळती बहुधा आपल्याच घरी असते. तुम्ही मध्यंतरी लेखांचे पत्ते बदलले आहेत का? दुवा देणाऱ्याने तो वर्षांपूर्वी दिलेला असतो आणि आपण मांडणी बदलताना जुना पत्ता मोडून टाकतो. सर्वाधिक दुवे मिळालेल्या पानांची यादी उतरवून ती स्क्रीमिंग फ्रॉग या पत्ते तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घाला. त्याची विनामूल्य आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते. ज्या पत्त्यांवर ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही', असे उत्तर येईल, त्यांचे दुवे वाया जात आहेत असे समजा.

मोजपट्टी

संकेतस्थळाच्या वजनाचे आकडे, जसे मॉझचे डोमेन ऑथॉरिटी आणि मॅजेस्टिकचे ट्रस्ट फ्लो, हे त्या त्या कंपन्यांचे स्वतःचे अंदाज आहेत, गूगल क्रमवारीसाठी ते वापरत नाही. मोजायचेच असेल तर एकूण दुव्यांऐवजी दुवा देणारी वेगवेगळी डोमेने मोजा, कारण एकाच संकेतस्थळाने तळपट्टीत तुमचा दुवा घातला की प्रत्येक पानागणिक एक याप्रमाणे हजारो दुवे दिसू लागतात.

धागाकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मॅन्युअल अ‍ॅक्शन्सचे पान रिकामे आहे, त्यामुळे सेवादात्याचा विषय मी बंद केला. जुनीपाने यांचा तर्क अचूक निघाला: दुर्बीण निवडण्याविषयीचा लेख, ज्याला इतर अभ्यासकांनी सर्वाधिक दुवे दिले आहेत, त्याचा जुना पत्ता ४०४ देत होता. त्याला आता ३०१ रिडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलल्याची सूचना) लावून नव्या पत्त्याशी जोडले आहे. ग्रहणांची काही जुनी पाने मात्र मी कायमची काढून टाकली आहेत. त्यांचे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवावेत का?

जुनीपाने

नाही. विषयाशी संबंध नसलेल्या मुखपृष्ठाकडे वळवलेला पत्ता गूगल बहुधा सॉफ्ट ४०४, म्हणजे न सापडलेल्या पानासारखाच, धरतो, त्यामुळे दुव्याचा लाभ मिळत नाही आणि ग्रहणाची माहिती शोधत आलेला वाचकही गोंधळतो. ग्रहणे कशी घडतात हे समजावणारा एखादा लेख तुमच्याकडे असेल, तर ज्या पानांना खरोखर चांगले दुवे आहेत तेवढीच त्याकडे वळवा आणि बाकीच्या पत्त्यांवर ४१०, म्हणजे 'पान कायमचे काढले', असे उत्तर देऊन टाका. तसा लेख नसेल, तर सर्वाधिक दुवे असलेले एक जुने पान संग्रह म्हणून परत सुरू करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तपासणी महिन्यातून एकदा पुरे, फक्त पत्त्यांची रचना बदलाल त्या आठवड्यात ती जरूर करा.