मदत हवी आहे: घरातल्या विषारी कचऱ्यासाठी गावात कायमचं केंद्र कसं उभं करावं? (बेळगाव तालुका)

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या पश्चिम भागातून, उचगाव-तुरमुरीच्या पट्ट्यातून लिहितोय. आमच्याकडं ओला-सुका कचरा बऱ्यापैकी मार्गी लागलाय. पंचायतीची स्वच्छ वाहिनी, म्हणजे कचऱ्याची गाडी, येते, बचत गटाच्या बायका ती चालवतात, शेडवर सुका कचरा निवडला जातो. अडलंय ते या दोन्हीत न बसणाऱ्या कचऱ्यापाशी. गेलेल्या ट्यूब, सेल, उरलेला रंग नि थिनर, मुदत संपलेल्या गोळ्या, घरी इन्सुलिन घेणाऱ्यांच्या सुया आणि सगळ्यात जास्त म्हणजे तणनाशकाचे, कीटकनाशकाचे रिकामे डबे.

ट्यूब उकिरड्यावर फुटते आणि पाऱ्याची वाफ हवेत जाते. डबे बांधावर नाहीतर ओढ्यात पडतात, आणि ओढा शेवटी मार्कंडेय नदीलाच मिळतो. काही घरांत तेच डबे धुऊन त्यात रॉकेल, कधी पिण्याचं पाणीसुद्धा भरतात. सुया सुक्या कचऱ्याच्या पिशवीतून येतात तेव्हा त्या टोचतात गाडीवरच्या बाईला. तिच्यासाठी तरी हे थांबायला हवं.

वर्षातून एकदाची मोहीम मला नकोय. सुया आणि रंगाचे डबे वर्षभर सांभाळून ठेवणारं घर विरळाच. जागा, वार आणि सांभाळणारा माणूस ठरलेला हवा.

2016 च्या घनकचरा नियमांत शहरांनी दर 20 चौरस किलोमीटरला असं एक केंद्र उघडावं, वेळा जाहीर कराव्यात, असं स्पष्ट लिहिलं होतं. खेड्यांनी काय करायचं? पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब नाही म्हणत नाहीत, पण विचारतात की गोळा केलेलं पुढं द्यायचं कुणाला. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नसताना शेड बांधली तर गावाच्या मधोमध विषाचं कोठार तयार होईल.

कुणी हे केलंय का? परवानगी कुणाची लागते, साठवायचं कसं, खर्च कुणी उचलायचा? अर्ज कानडीत द्यायचा आहे, मसुदा तपासून देणारं कुणी असेल तर फार बरं होईल.

प्रतिसाद १: निपाणीकर

अर्जात 2016 च्या नियमांवर भर देऊ नका. 1 एप्रिल 2026 पासून नवे नियम लागू आहेत. त्यात कचऱ्याचे चार भाग केलेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. तुमची यादी या चौथ्या भागात येते. 20 चौरस किलोमीटरचा दाखला तुमची मागणी म्हणून जरूर मांडा.

पीडीओंच्या प्रश्नाचं उत्तर असं. घातक कचरा सुरक्षितपणे जमिनीत पुरायचं केंद्र दाबसपेटला आहे, आपल्याच हायवेवर, पण बेंगळूरच्या तोंडाशी. एका गावाच्या दोन पिंपांसाठी गाडी एवढ्या लांब जाणार नाही. म्हणून चार-पाच पंचायतींनी मिळून एकच साठा करा आणि तालुका पंचायतीमार्फत मागणी घाला. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय बेळगावात आहे. शेड बांधण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या.

प्रतिसाद २: औषधवाला_खानापूर

माझं मेडिकल आहे, म्हणून गोळ्यांपुरतं सांगतो. परत आलेली औषधं गोळा करायला राज्याचं औषध नियंत्रण खातं आणि केमिस्ट संघटना यांनी मिळून सुरुवात करावी, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2025 मध्ये सुचवलंय. त्याच सूचनांत 17 औषधांची यादी आहे, तेवढीच संडासात सोडायची. बाकीची मुळीच नाही, ती पाण्यात उतरतात. आमच्या संघटनेत विषय काढतो, तुम्ही बेळगावच्या संघटनेला भेटा.

सुया जाड प्लास्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या बरणीतच घ्या. आशाताईंना सांगितलंत तर इन्सुलिनवाली घरं लगेच कळतील.

प्रतिसाद ३: शिवार

साठवणीबद्दल. जमीन सिमेंटची आणि कडेला उंबरा हवा, म्हणजे सांडलं तरी बाहेर जात नाही. छप्पर, वारा खेळायला जागा, कुलूप आणि वाळूची बादली पाहिजेच. ट्यूब खोक्यात उभ्या ठेवा, फोडून जागा वाचवू नका. रंग, फवारणीचं औषध ज्याच्या त्याच्या मूळ डब्यात, लेबलासकट राहू द्या, एकात एक ओतू नका. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवलीत नि चुकून मिसळली, तर क्लोरीन वायू सुटतो.

औषधाचे डबे फवारतानाच तीनदा खळबळून ते पाणी पंपात ओतावं, मग डब्याला भोक पाडावं, म्हणजे पुन्हा कुणी घरात वापरणार नाही. हे शेतावर झालं तर केंद्रावरचं निम्मं भय कमी होतं. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून हे सांगायला लावा, शेतकरी तिथं बियाण्याला जातोच.

धागाकर्ता:

सर्वांचे मनापासून आभार. आधी मंडळाचं लेखी, मग शेजारच्या पंचायती, असा क्रम धरतो. सुयांसाठी मात्र थांबत नाही. बरण्या याच आठवड्यात आशाताईंकडं देतो. कानडी मसुद्याची विनंती अजून उभी आहे.