२०१२ ची बीएमडब्ल्यू ५२० डी, दिल्ली पासिंग, साडेसात लाख : चेन, गिअरबॉक्स आणि वर्षाचा खर्च

नाशिकचा_चाकवाला

बीएमडब्ल्यू ५२० डी, एफ१० मॉडेल, २०१२ ची, ९४,००० किमी, दुसरा मालक. दलालाकडून घ्यायचा विचार आहे. इंजिन एन४७, १८४ अश्वशक्ती, आठ गिअरचा ऑटोमॅटिक. सर्व्हिसची नोंद ६२,००० पर्यंत अधिकृत सेंटरची, त्यानंतर एक कागद नाही. वापर म्हणाल तर आठवड्यातून एकदा नाशिक-मुंबई, बाकी गावातल्या गावात.

तीन प्रश्न. टायमिंग चेनची (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी साखळी) बोंब खरी किती? गिअरबॉक्सचं तेल "लाइफटाइम" आहे, बदलायचंच नाही, असं दलाल म्हणतो, पटत नाही. आणि गाडी बाहेरच्या गॅरेजला दाखवली तर वर्षाला किती धरून चालू?

चेनसाखळी

बोंब खरी आहे, पण सगळ्या एन४७ ना सारखी लागू नाही. सर्वांत बदनाम लॉट २००७ ते २०११ च्या सुरुवातीपर्यंतचा. तुमची त्यानंतरची असली तरी चेन आहे त्याच जागी: इंजिनाच्या मागच्या तोंडाला, फ्लायव्हीलच्या बाजूला. त्यामुळे ती बदलायची म्हणजे निदान गिअरबॉक्स तरी उतरवायलाच हवा. बरीच गॅरेजेस सरळ इंजिनच बाहेर काढतात. टायमिंगच्या चेन दोन असतात. खालची क्रँकवरून डिझेलच्या हाय प्रेशर पंपाला, वरची तिथून कॅमशाफ्टला. चेन ज्यांवरून सरकते ते प्लॅस्टिकचे गाइड कडक होऊन तडकतात आणि चेन ताणून धरणारा टेन्शनर सैल पडतो. टेन्शनर इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून काळं, जुनं तेल हे चेनचं मरण. डॅशबोर्ड २५,००० ला ऑइल बदला म्हणतो, त्याचं ऐकू नका. १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ५डब्ल्यू-३०, बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ मान्यतेचं, ५.२ लिटर. दुसरं तेल घालू नका, राखेचं प्रमाण जास्त असलेलं तेल डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरून टाकतं.

बघायला जाल तेव्हा दलालाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, गाडी रात्रभर बंद हवी. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलीय, दुसऱ्या दिवशी परत या. थंड इंजिन चालू केल्यावर बॉनेटच्या मागच्या टोकाला, काचेच्या बाजूला कान द्या. मग कुणाला तरी १,५०० ते २,००० आरपीएमवर धरायला सांगा. डिझेलची नेहमीची टकटक वेगळी. बादलीत खिळे हलवल्यासारखी किंवा पत्रा घासल्यासारखी खरखर मागून येत असेल तर गाडी सोडा. चेन तुटली की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग दुरुस्ती गाडीच्या किमतीजवळ जाते.

पाना१३

लाइफटाइम म्हणजे वॉरंटीचं लाइफ, तुमचं नव्हे. गिअरबॉक्स झेडएफ या जर्मन कंपनीचा, ८एचपी४५, आणि झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा आठ वर्षं सांगते. म्हणजे या गाडीची वेळ कधीच होऊन गेलीय.

सम्प (गिअरबॉक्सच्या तळाची तेलाची परात) प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला, म्हणून दोन्ही एकदमच बदलतात. बोल्टही नवे. कोणत्याही एटीएफने (ऑटोमॅटिकच्या तेलाने) भागवू नका, झेडएफचं लाइफगार्ड ८ किंवा झेडएफची मान्यता असलेलंच घाला. सम्प काढला तरी सगळं तेल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. सात लिटर आणून ठेवा.

काम बिघडतं ते भरताना. गाडी लिफ्टवर अगदी सपाट हवी. भरायचा प्लग आधी उघडून बघा, ड्रेन नंतर. तेल सोडलं आणि वरचा प्लग जाम निघाला तर गाडी लिफ्टवरच अडकते. बाहेर ओघळेपर्यंत भरा, इंजिन चालू करा, परत भरा. ब्रेक दाबून रिव्हर्स (आर) आणि ड्राइव्ह (डी) मध्ये काही सेकंद थांबत दोनतीनदा फिरवा. मग स्कॅनरवर तेलाचं तापमान ४० अंशांच्या आसपास आलं की प्लगमधून थेंब-थेंब गळायला हवं, त्या क्षणी बंद करा. गरम तेल फुगतं. ६० अंशांना लेव्हल पाहिली तर थंड झाल्यावर लेव्हल कमी भरते आणि मग गिअर झटके देतात. सम्पचे बोल्ट १० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचनेच. हाताच्या अंदाजाने आवळले की प्लॅस्टिक वाकतं आणि गळती सुरू. वायरिंगचा कनेक्टर बसतो तिथे तेल ओघळलंय का, तेही त्याच वेळी बघा.

सगळं मिळून बाहेर ४० ते ५५ हजार धरा.

थंडा_इंजिन

या गाडीचं सगळ्यात दुर्लक्षित दुखणं म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचं तापमान राखणारा व्हॉल्व्ह. एन४७ ला दोन असतात, एक मुख्य आणि एक ईजीआर कूलरचा (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा). दोन्ही उघडेच अडकतात. गाडी गरम होत नाही म्हणून मालक खूश, पण कूलंट ६५-७० अंशांवर घुटमळत राहिलं तर डीपीएफची सफाईच सुरू होत नाही. काजळी साठते, दाब वाढतो, शेवटी दिवा लागतो आणि गॅरेजवाला फिल्टर बदला म्हणतो. आधी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या साध्या ओबीडी अडॅप्टरवर हायवेला तापमान बघा. ८५ च्या वर स्थिर हवं. तुमची कसारा घाटातली फेरी डीपीएफला पुरेल, पण थर्मोस्टॅट धड असतील तरच.

ईजीआर कूलरही बघाच. आतून गळला तर कूलंट आणि काजळीचा लगदा होतो, तो पेटून हवा आत नेणारा प्लॅस्टिकचा इनटेक वितळू शकतो. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात ५२० डीला आगी लागून एक लाखाच्या वर बीएमडब्ल्यू परत बोलावल्या, कारण हेच. कूलंट कमी होतंय आणि खाली थेंब नाही, तर टॉप-अप करत बसू नका. चासी नंबर देऊन अधिकृत सेंटरला विचारा, या गाडीवर काही रिकॉल बाकी आहे का.

नाशिकचा_चाकवाला

भारीच. टेस्ट ड्राइव्हला ९० च्या वेगात ब्रेक मारला की स्टिअरिंग हलतं. दलाल म्हणतो ब्रेकची डिस्क घासून घेऊ, दोन हजारांत काम होईल.

पाना१३

डिस्क असेल, पण एफ१० ला आधी पुढच्या टेन्शन आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश बघा. आत तेल असतं. फाटले की आर्मवर काळा ओघळ दिसतो. दोन्ही बाजूंचे एकदम बदला. आणि फिटरला बजावून सांगा, बोल्टचा शेवटचा पीळ चाकं जमिनीवर, गाडीचं वजन आल्यावर. चाक लटकत असताना आवळला तर बुश कायम पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत परत फाटतो. मग म्हणायचं पार्ट डुप्लिकेट होता.

कागदपत्रे_आणा

साडेसात लाखांत तुम्ही एक खर्च धरलाच नाही. महाराष्ट्रात आणल्यावर रोड टॅक्स तुमच्या खरेदीवर नाही, गाडीच्या मूळ किमतीवर लागतो, वयाप्रमाणे घट धरून. वीस लाखांवरच्या खासगी डिझेलला आपल्याकडे दर १५ टक्के. एनओसी घेण्याआधी नाशिक आरटीओतून आकडा काढून घ्या, मगच दलालाशी घासाघीस. दुसरं, २०१२ ची म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं भरली. फिटनेस, पुनर्नोंदणी, वर पर्यावरण कर.

किमी ९४,००० खरेच का, तेही बघा. आकडा फक्त मीटरमध्ये नसतो, किल्लीतही साठतो. अधिकृत सेंटरला किल्ली वाचून मिळते.

चेनसाखळी

खर्चाचं माझं गणित: घेतल्या-घेतल्या अडीच लाख बाजूला. त्यात गिअरबॉक्स ऑइल, दोन थर्मोस्टॅट, बुश, बेल्ट आणि क्रँक पुली (तिचं रबर फाटतं, सोबत बेल्टही जातो), बॅटरी. बॅटरी एजीएम प्रकारचीच लावा, डिकीत असते, आणि लावल्यावर स्कॅनरने रजिस्टर करून घ्या. नाहीतर गाडी नव्या बॅटरीला जुनी समजूनच चार्ज करते. पुढे डिझेल आणि विमा सोडून वर्षाला ८० हजार ते सव्वा लाख. रनफ्लॅट (पंक्चर होऊनही काही अंतर चालणाऱ्या) टायरचा संच निघाला तर त्या वर्षी ऐंशी हजार वेगळे. साधे टायर लावले तर डिकीत कंप्रेसर आणि पंक्चर किट ठेवा.

थंडा_इंजिन

चेन आवाज नसताना आधीच बदलावी असं काहीजण म्हणतात. दीड-दोन लाखांचं काम, मला तो सल्ला पटत नाही. ऑइल बदलताना जुना फिल्टर उलगडून घड्या बघा. काळ्या प्लॅस्टिकचे तुकडे किंवा चकाकणारा चुरा दिसला तर गाइड तुटायला लागलेत, तेव्हाच गिअरबॉक्स उतरवा. दलालाला म्हणा, ऑइल-फिल्टरचा खर्च मी देतो, पण फिल्टर माझ्यासमोर उघडायचा.

चेनसाखळी

याला मान्य. फिल्टर उघडू देत नसेल तर साडेसात काय, पाचलाही नको.