'जलसमाधी' की 'बुडवली'?

भाषांतरवाली: ग्रीसच्या 'एली' या क्रूझरवरचा (युद्धनौकेवरचा) लेख मराठीत आणतेय. १५ ऑगस्ट १९४०, तिनोस बेटावर मेरीमातेचा सण, यात्रेकरूंची गर्दी आणि बंदराबाहेर नांगर टाकून उभी एली. ग्रीस तेव्हा युद्धात नव्हता. इटलीच्या 'देल्फिनो' पाणबुडीने तीन पाणतीर (टॉर्पेडो) सोडले. एक एलीला लागला, बाकीचे धक्क्यावर फुटले. ९ खलाशी गेले. मी 'बुडवली' लिहिलं होतं, संपादकांनी 'जलसमाधी मिळाली' केलं. शिवाय समुद्रतळाशी उरलेल्या एलीच्या फोटोखाली काय लिहू? 'भग्नावशेष' म्हटलं की हेमाडपंती देऊळ डोळ्यांपुढे येतं.

खाडीकाठ: समाधी घ्यायची असते. ज्ञानोबांनी घेतली, त्यांना कुणी दिली नाही. पाणतीराच्या तुकड्यांवरून हल्लेखोर इटालियन हे ग्रीक सरकारला कळलं होतं, तरी युद्ध टळावं म्हणून त्यांनी नाव उघड केलं नाही. २८ ऑक्टोबरला इटलीने स्वारी केलीच. आता मराठी वाक्यातूनही कर्ता गायब करायचा? 'बुडवली'च हवं.

रोजचा वाचक: पुरात पूल गेला तरी पेपरात 'जलसमाधी'च येते. लोकांनी शब्द स्वीकारलाय. व्युत्पत्ती काढून प्रत्येक शब्दाची झडती घेतली तर बोलणंच बंद होईल.

खाडीकाठ: पुलावर कुणी पाणतीर मारत नाही हो.

आज्जीचा नातू: आमच्याकडे 'तारू फुटलं' म्हणत. फोटोखाली 'फुटलेलं तारू' लिहा, अस्सल मराठी.

रोजचा वाचक: तारू लाकडी, शिडाचं. पोलादी क्रूझरला तारू कसं म्हणणार? 'बुडीत जहाज' सुटसुटीत आहे.

बँकेतली: बुडीत म्हटलं की मला कर्ज आठवतं. धरणग्रस्तांना बुडीत क्षेत्र आठवेल. 'सांगाडा' बरा. युद्धानंतर भंगारासाठी बरंच लोखंड काढून नेलं, उरला तो सांगाडाच.

आज्जीचा नातू: सांगाडा माणसाचा. तारूच लिहा.

भाषांतरवाली: अजून एक घोळ आहे. भरपाई म्हणून इटलीने 'युजेनियो दि साव्होया' ही क्रूझर दिली आणि ग्रीकांनी तिचंही नाव एली ठेवलं. म्हणून 'पहिली एली' लिहावं लागतंय. फोटोओळ उद्या द्यायची आहे, काहीतरी ठरवा.

खाडीकाठ: त्याआधी एक सांगा, लेखात 'तटस्थ युद्धनौका' लिहिलंय का? तटस्थ देश असतो, नौका नव्हे. 'तटस्थ देशाची युद्धनौका' करा.

रोजचा वाचक: 'तटस्थ जहाज' सर्रास म्हणतात.

खाडीकाठ: व्यापारी जहाजाला म्हणतात. तोफा असलेल्याला नाही.