मशागत बंद केली तर गहू टिकतो का? ७-८ वर्षं केलेल्यांनी सांगा

काळीभोर_लातूर:
नमस्कार मंडळी. ५ एकर भारी काळं रान, खरिपात सोयाबीन आणि मागून ओलिताचा गहू, असं बारा-तेरा वर्षं चाललंय. सोयाबीन निघालं की दोनदा रोटाव्हेटर, मग रान ओलवायचं, वापशाची म्हणजे पेरणीजोगी ओल राहीपर्यंत वाट बघायची, यात नोव्हेंबर संपत येतो. आधी एकरी १५-१६ क्विंटल व्हायचा आता ११-१२, आणि खत उलट वाढवलंय. पाणी दिलं की वर चिखल, वीतभर खाली कोरडं. मेव्हणा म्हणतो मशागतच सोडा, न नांगरता थेट पेरा. एका वर्षाचं नको, पुढं काय होतं ते सांगा.

गव्हाचा_गडी (निफाड):
दादा माझा हा आठवा हंगाम. पहिली दोन वर्षं एकरी दीड-दोन क्विंटल कमीच आला, तिसऱ्यापासून बरोबरी. नांगरटीपेक्षा फार जास्त येतो असं मी म्हणणार नाही, पण पेरणी १०-१२ दिवस आधी होते, डिझेल वाचतं. उशिराच्या गव्हाला दाणा भरताना मार्चचं ऊन गाठतं, दाणा बारीक पडतो, तुमची बरीच घट तिथंच असणार. आणि काड रानात असलं की सुरुवातीला नत्र त्यात अडकतं, गहू पिवळा दिसतो, घाबरू नका, पेरणीनंतर २१ दिवसांच्या पाण्याला युरिया चुकवू नका.

मृदा_विद्यार्थी:
२०१५ साली नेचर या विज्ञान नियतकालिकात जगभरच्या ६१० अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता. विनामशागतीत सगळ्या पिकांची सरासरी घट ५.७ टक्के, गव्हात अडीचच्या आसपास. पण काड उचलून नेलं आणि पिकांची फेरपालटही नसली तर घट जास्त. काड राखणं आणि फेरपालट दोन्ही पाळलं तर कोरडवाहू भागात उत्पादन वाढलेलं दिसलं, तुमचं ओलिताचं आहे म्हणून वाढीची आशा लगेच धरू नका. हरियाणात लोक याकडे वळले त्याला गुल्लीडंडा तणही कारण होतं, ९० च्या दशकात आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक त्याच्यावर चालेना, आणि माती न हलवल्यानं ते कमी उगवतं.

रानवाट_परभणी:
मला हे असं सरसकट पटत नाही. वीतभर खाली कोरडं म्हणजे रोटाव्हेटरनं खाली टणक थर बसवलाय, त्याच्यावर तसंच पेरलं तर मुळी खाली जाणार कशी? आधी फूटभर खड्डा खणून बघा, मुळ्या आडव्या वळल्या असतील तर उन्हाळ्यात रान कडक वाळल्यावर एकदा सबसॉयलर (खोलवरचा टणक थर फोडणारं अवजार) घाला, मग सोडा मशागत. ओल्या रानात घालून उपयोग नाही, नुसती चीर पडते. आणि हरळी असेल तर आधी तिचा बंदोबस्त, आमच्याकडं तिनंच दोन वर्षांत हैराण केलं.

काळीभोर_लातूर:
खड्डा उद्याच खणतो. पण सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) जनावरांना लागतं हो, ते रानात कसं सोडू?

गव्हाचा_गडी (निफाड):
कुटार न्या, पण खालचं खुंट आणि पालापाचोळा राहू द्या, आणि गव्हाचं काड पेटवणं बंद करा, जनावरं तसंही ते आवडीनं खात नाहीत. पहिल्या वर्षी एकच एकर करा, शेजारी जुन्या पद्धतीचा एकर ठेवा आणि दोन्हीचं वजन वेगळं करा. पेरणीयंत्र उलट्या टी आकाराच्या फाळाचं बघा, साध्या फाळाला काड अडकून बी वरच पडतं.